अक्काचा शेवटचा आकडा

पुणे
१२ जुलै १९९८

अक्का,

तुझं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते कार्डात मावणार नाही, म्हणून पाकीट लिहितोय.

माझ्या एम.ई.च्या प्रबंधाचा विषय ठरला. दोन संगणकांनी एकमेकांशी घासाघीस करायची. विकणाऱ्याचा एक प्रोग्रॅम, घेणाऱ्याचा एक. मालक घरी बसलेला. दहा-वीस वर्षांत माणसं बाजारात न जाता माल घेतील आणि भाव पाडायचं काम त्यांचा प्रोग्रॅम करील, असं अमेरिकेतले लोक म्हणतात. अशा प्रोग्रॅमला ते एजंट म्हणतात. तुला विम्याचा एजंट आठवेल. तसाच समज, फक्त ह्याला चहा लागत नाही.

भाव सांगणं सोपं आहे. उतरायचं कसं, ते अवघड. किती उतरायचं, कधी उतरायचं, समोरचा दहा उतरला तर आपणही दहाच उतरायचं का, की शेवटच्या दिवसापर्यंत ताठ राहायचं? पुस्तकात ह्याची गणितं आहेत, पण ती मांडणाऱ्यांपैकी कुणी भांड्याच्या दुकानात बसलं असेल असं वाटत नाही. तू बसली आहेस. बसवेश्वरदाजी होते तेव्हाही अवघड गिऱ्हाईक ते तुझ्याकडेच ढकलायचे, आणि ते गेल्यापासून दोन वर्षं सगळं तूच बघतेस.

तेव्हा माझ्या एजंटशी सौदा कर. पत्रानं. तो घेणारा, तू विकणारी. वस्तू: पितळी हंडा. ज्याच्या खाली तू देणार नाहीस तो शेवटचा आकडा मनात धर, मला सांगू नको. एका कार्डात एक भाव. एजंटलाही मी शेवटचा आकडा आणि शेवटची तारीख देऊन ठेवली आहे. ते तुला सांगणार नाही. त्याचा पहिला भाव: सहाशे.

कावेरीला दहावीच्या गणितात अडलं तर मला लिहायला सांग. रुद्रप्पाभाऊंना नमस्कार सांग.

तुझा
संगमेश


गेवराई
२७ जुलै १९९८

संगमेश,

पाकीट मिळालं. कावेरीनं दोनदा वाचून दाखवलं, तवा कुठं डोक्यात शिरलं. तुझ्या मशीनला चहा लागत न्हाई हे ठीक, पण चहा पिताना गिऱ्हाईक कुठं बघतंय ते तिला कसं दिसणार?

तलवाड्याची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. तिकडचं गिऱ्हाईक चार वाजता आलं की मी भाव धरून ठेवते. पाच वाजले की ते स्टँडकडं बघाया लागतं. पिशवी या हातातून त्या हातात घेतं. तवा मी दहा रुपये सोडते आन ते खूश होऊन जातं. तेच सकाळी अकराला आलं असतं तर चाळीस सोडावे लागले असते. ज्याला गाडी धरायची हाय त्याचा भाव कधी होत न्हाई.

मशीनला सांग, नऊशे. वर हंड्यावर नाव फुकट घालून देईन.

आता दुसरं, ते तुझ्याजवळच राहू दे. रुद्रप्पाभावजींना मिक्सर-कुकरच्या कंपनीची एजन्सी घ्यायची हाय. आता पितळ कोण घेतं म्हणतात, ते खरंच हाय. पण कंपनीला जागेची कागदं एकाच्याच नावावर लागतात. दुकान दोघा भावांच्या नावावर होतं, यांच्यामागं निम्मं माझ्या नावावर आलं. भावजी म्हणतात, वहिनी, हक्कसोड लिहून द्या, तुमाला घरातून कोण काढतंय? आवाज चढवत न्हाईत. जेवताना मी वाढायला बसले की म्हणतात, कावेरीला पुस्तकं देताना म्हणतात. कपाट उघडलं तरी तेच, झाडू घेतला तरी तेच.

मी म्हणलं, एजन्सी तुमी चालवा, निम्मी जागा माझ्या नावावर राहू द्या. दोन महिने तेवढंच म्हणते. पण खरं सांगू का, निम्मं मला मिळणार न्हाई. कोर्टात जायला बळ न्हाई आन मागं कुणी न्हाई. वरच्या दोन खोल्या, रस्त्याकडच्या खिडकीच्या, माझ्या हयातीपर्यंत. आन कावेरी पायावर उभी राहीपर्यंत तिचं शिक्षण. एवढं कागदावर आलं तर मी दुकान सोडीन. त्याच्या खाली न्हाई. पण हे आधी बोलले तर बोलणं तिथून सुरू व्हईल आन मी जिन्याखालच्या खोलीत जाईन. म्हणून गप हाय.

तू लहान हायस, पण दुसरं कुणाला लिहू?

शिवकांता


पुणे
२४ ऑगस्ट १९९८

अक्का,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. आठशे नव्वद, मग आठशे ऐंशी. एजंट सहाशेवरून सहाशे ऐंशीवर आला, तू वीसच उतरलीस. लॅबमधली मुलं रोज विचारतात, गेवराईचं कार्ड आलं का? तुला ओळखत नाहीत, पण तुझ्यावर पैज लावतात.

मी एजंटला तीन स्वभाव देऊन बघतोय. एक मऊ, पहिल्या दोन-तीन बोलण्यांतच उतरून मोकळा होतो. एक ताठ, तारीख येईपर्यंत थोडं थोडंच हलतो आणि मग एकदम येतो. एक जेवढ्यास तेवढा, समोरचा उतरेल तेवढाच आपण. तुझ्याशी खेळतोय तो ताठ आहे. तुला ते कळलं असेलच.

एक भाग सरांना फार आवडला. मालकाचा शेवटचा आकडा एजंटला माहीत असावा लागतो, नाहीतर तो बोलणार कसा? मग तो समोरच्याच्या हाती लागू नये म्हणून काय करायचं? मी तो वेगळ्या जागी कुलूपबंद ठेवला आहे. समोरच्यानं कसंही विचारलं तरी एजंटच्या उत्तरातून तो फुटत नाही. एकदा फुटला की घासाघीस संपली, उरतो तो फक्त हुकूम, असं मी प्रबंधात लिहिलं.

कागदाचं वाचलं. रुद्रप्पाभाऊ वाईट मनाचे नाहीत. तुम्ही दोघंही गप्प बसलात तर असंच वर्ष जाईल आणि एका छपराखाली राहणं कठीण होईल. तू म्हणतेस तेवढं देणं त्यांना जड नाही. शांतपणे बघ.

कॉलेजात बंगलोरची एक कंपनी येऊन गेली. लेखी परीक्षा चांगली झाली आहे. डिसेंबरला कळेल. झालं तर पहिलं वर्ष चौघांनी मिळून एका खोलीत काढावं लागेल, तिकडं भाडी फार आहेत.

संगमेश


गेवराई
५ सप्टेंबर १९९८

संगमेश यांस,

तुमी शिकले-सवरलेले, म्हणून वहिनींच्या माघारी हे लिहायचं धाडस करतो. राग मानू नका.

आमचे बंधू गेल्यापासून वहिनींना आन कावेरीला मी कशाला कमी पडू दिलं न्हाई, हे तुमाला ठाऊक हाय. माझी दोन पोरं हायेत. पितळेवर त्यांचं भागणार न्हाई. नव्या मालाची एजन्सी गेवराईत एकालाच मिळणार. कंपनीच्या माणसानं मला ३१ डिसेंबरची मुदत दिली हाय, त्यानंतर ती समोरच्या लाइनीतल्या दुकानाला जाईल. हे वहिनींना सांगू नका, त्यांना वाटंल मी अडलोय.

वहिनी निम्मं म्हणतात आन गप बसतात. एक बोट हलत न्हाईत. मला त्यांचा हक्क बुडवायचा न्हाई. त्यांच्या मनात खरं काय हाय तेवढं कळलं तर मी ते देऊन टाकीन, घासाघीस करणार न्हाई. तुमच्याजवळ त्या बोलल्या असतीलच.

दुसरं असं, घरात रोज तोंड फिरवून बसायची पाळी आली तर उद्या माय-लेकींना तुमच्याकडंच पुण्याला यावं लागंल. तुमची नोकरी अजून व्हायची हाय. ते झेपंल का, याचाबी विचार करावा.

रुद्रप्पा


पुणे
१८ सप्टेंबर १९९८

रुद्रप्पाभाऊ,

पत्र मिळालं. तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून मीही लिहितो.

अक्का निम्म्यावर अडून बसेल असं मला वाटत नाही. वरच्या रस्त्याकडच्या खिडकीच्या दोन खोल्या तिच्या हयातीपर्यंत, आणि कावेरी पायावर उभी राहीपर्यंत तिच्या शिक्षणाची जबाबदारी, एवढं कागदावर लिहून दिलंत तर ती सही करील. हे तिचं समाधान आहे आणि तुम्हाला जड नाही. तुम्ही शब्द दिला आहे तसं त्याच्या खाली जाऊ नये, एवढीच विनंती.

मी कळवलं हे तिला कळू देऊ नये. तिला वाईट वाटेल. दोघांचं भलं व्हावं म्हणून लिहिलं आहे.

आपला
संगमेश


गेवराई
२६ ऑक्टोबर १९९८

संगमेश,

भाऊबीजेला तू आला न्हाईस. परीक्षा नव्हती, सुट्टी होती, हे कावेरीला ठाऊक होतं. मी पाट मांडून ठेवलता. चारला उचलला.

आधी तुझा हंडा. दसऱ्याच्या आधीच्या कार्डात तुझ्या मशीननं सातशे वीसवरून एकदम आठशे दहावर उडी मारली. मी म्हणलं, हिची गाडी सुटायला आली. आठशे चाळीसवर बसले आन पुढच्या कार्डात ती आली. माझा शेवटचा आकडा सातशे होता. आता सांगायला हरकत न्हाई. मशीन हुशार हाय, पण घाई लपवता येत न्हाई तिला.

आता माझं. धनतेरशीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अठरा वर्षांत त्या दिवशी मी गल्ल्यावर न्हाई असं झालं न्हाई. या साली सकाळी भावजी वर आले आन म्हणले, वहिनी, आज पोरगं बसंल, तुमी फराळाचं बघा. मग खाली बसले आन म्हणले, मी विचार केला. वरच्या दोन खोल्या तुमच्या हयातीपर्यंत, रस्त्याकडच्या खिडकीच्या. कावेरी पायावर उभी राहीपर्यंत तिचं शिक्षण माझ्याकडं. कागदावर लिहून देतो.

संगमेश, माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

निम्मं मागितलं की माणूस आधी काहीच न्हाई म्हणतो. मग म्हणतो, जिन्याखालची खोली घ्या. मग एक खोली. मग रुसतो, दोन दिवस बोलत न्हाई, मग दुसरी खोली देतो. असं चढत-उतरत लोक येतात. हे एकदम तिथंच येऊन उभे राहिले. खिडकीसकट. अठरा वर्षांत पहिल्याच बोलण्यात माझ्या शेवटच्या आकड्यावर कुणी येऊन उभं राहिलेलं मी बघितलं न्हाई. 'पायावर उभी राहीपर्यंत' हा शब्दबी माझाच.

मला वाटतं, तुझी-माझी पत्रं कुणीतरी फोडतंय. टपाल दुकानात येतं, तिथून जाऊबाईच्या हातून वर येतं. आता पुढचं पत्र बांगड्यांच्या दुकानाच्या भामाबाईच्या पत्त्यावर टाक. फोन करू नको, बूथ आपल्या दुकानाला लागूनच हाय, सगळं ऐकू जातं.

मी म्हणलं, विचार करून सांगते. भावजी हसले. लई मायेनं हसले. म्हणले, आता काय विचार करायचा वहिनी? तेच हाय ना तुमच्या मनात?

तवापासून घरात वावरताना मला अंगावर कापड न्हाई असं वाटतं. जास्तीचं काही मागावं तर ते माझ्या तोंडाकडं बघून गप बसतात. त्यांना ठाऊक हाय मी कुठं थांबणार. बोलायला काय उरलं?

गल्ल्याची किल्ली धनतेरशीला घेतली ती माझ्याकडं परत आली न्हाई.

शिवकांता


पुणे
१० नोव्हेंबर १९९८

अक्का,

हे भामाबाईंच्या पत्त्यावर टाकतोय. भाऊबीजेला यायचं होतं, पण प्रबंधाचं एक प्रकरण अडलं होतं. खरंच.

पत्र कुणी फोडलं असेल असं मला वाटत नाही. अठरा वर्षं एका घरात राहून रुद्रप्पाभाऊंना अंदाज आला असेल. तू मागे लिहिलंस की दोन खोल्या आणि शिक्षण मिळालं तर दुकान सोडीन. तेच मिळतंय. मग ते कुठल्या वाटेनं आलं ह्यानं काय फरक पडतो? गणितानं बघितलं तर वेळ वाचला, मनस्ताप वाचला. जाऊबाईंवर संशय घेऊन घरात आणखी कडू करू नको.

मार्चला कावेरीची परीक्षा आहे. तोवर घर शांत असलेलं बरं.

हंड्याचा सौदा मी प्रबंधात घातला आहे. 'गेवराईच्या एक अनुभवी विक्रेत्या' असं लिहिलं आहे.

संगमेश


गेवराई
२ डिसेंबर १९९८

संगमेश,

मी भावजींना तोंडावर विचारलं, आमची पत्रं फोडता का? ते लई दुखावले. भिंतीवरच्या शर्टाच्या खिशातून एक पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. म्हणले, वहिनी, मी कुणाचं फोडलं न्हाई. मला आलेलं वाचलं.

तुझं अक्षर मी लांबून ओळखते. पाटीवर मीच गिरवून घेतलतं.

जाऊबाईशी मी महिनाभर बोलले नव्हते. ती बिचारी विचारायची, माझं काय चुकलं? परवा तिच्यासमोर हात जोडले. तिला कारण सांगता आलं न्हाई.

आता भावजी म्हणतात, तुमी माझ्यावर चोरीचा आळ घेतला, आता एकच खोली. मागची. मी म्हणलं, दोन म्हणला होतात. म्हणले, तवा म्हणलो होतो. त्यांना ठाऊक झालंय की मला दुसरीकडं जायला जागा न्हाई. तुझ्या पत्रातून शेवटी तेच तर कळतं. त्यांनी दोन खोल्या वाचल्या, आन त्यांच्या खाली काय हाय तेबी वाचलं, की काहीच न्हाई.

२९ तारखेला निबंधकाच्या कचेरीत जायचं ठरलंय. बीडहून वकील येणार हाय. मी हो म्हणलं. घरातले सगळे आता माझ्याशी गोड बोलतात.

मला तुझ्याकडून एकच पाहिजे. का म्हणून केलंस? गणित घालू नको. सरळ लिही.

शिवकांता


पुणे
११ डिसेंबर १९९८

अक्का,

सरळ लिहितो. तीन कागद फाडले.

दोघांचं भलं व्हावं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होतो. रुद्रप्पाभाऊंनाही तसंच लिहिलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं, की त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं: घरात बिनसलं तर माय-लेकींना तुमच्याकडं यावं लागंल, ते झेपंल का. ते वाक्य मी रात्रभर वाचलं. मला डोळ्यांसमोर बंगलोरची ती चौघांची खोली दिसली, तू आणि कावेरी ट्रंक घेऊन दारात दिसलात, आणि मला भीती वाटली, अक्का. तुझी नाही. माझं जे होऊ घातलं होतं ते हातचं जाईल याची. सकाळी उठून मी त्यांना पत्र लिहिलं. तू लवकर, थोडक्यात, तिथंच मिटवावंस असं मला वाटत होतं. तुला मिळणार होतं त्यातलं मी माझ्या सोयीसाठी दिलं.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तू मला सासरी घेऊन गेलीस. तेव्हा तुला कुणी झेपेल का म्हणून विचारलं नव्हतं. हे मला त्या रात्री आठवलं नाही असं नाही. आठवलं, तरी लिहिलं.

बंगलोरचं झालं. जानेवारीच्या शेवटी जायचं आहे. मी बंगलोरला कळवतो की वर्षभर पुण्यातच राहीन. तुम्ही दोघी या. जागा बघतो. हे मी आत्ता म्हणतोय, उशिरा म्हणतोय, ते मला कळतं.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. रुद्रप्पाभाऊंनी ती कुणाला सांगू नका म्हणून लिहिली होती. मिक्सरच्या कंपनीनं त्यांना ३१ डिसेंबरची मुदत दिली आहे. त्यानंतर एजन्सी समोरच्या लाइनीत जाईल. तुझी २९ तारीख त्यांच्या गाडीच्या दोन दिवस आधीची आहे. त्यांचा विश्वास मोडतोय. पण तुझा मोडला, मग आता ह्याचं काय बाळगू?

मी २८ ला येतो. कचेरीत मीच उभा राहून सांगतो की हे चालणार नाही.

संगमेश


गेवराई
१७ डिसेंबर १९९८

संगमेश,

पत्र मिळालं.

येऊ नको. माझ्या बाजूनं कुणी काही सांगू नये.

बंगलोरला जा. वर्ष घालवू नको. तुझ्या खोलीत येऊन मी काय करू? इथं निदान मला भांड्यांचे भाव ठाऊक हायेत.

मुदतीचं तू मला सांगायला नको होतं. पण आता कळलं ते कळलं.

तुझ्या प्रबंधातून माझं ते काढ.

शिवकांता


गेवराई
६ जानेवारी १९९९

संगमेश,

तू आला न्हाईस ते बरं केलंस. काय झालं ते सांगते. गावात वेगळं बोलतील, म्हणून माझ्याकडून घे.

२९ ला सकाळी वकील घरी आले. कागद वाचून दाखवला. मागची खोली, कावेरीचं बारावीपर्यंत. पायावर उभी राहीपर्यंत हे गेलतं. मी विचारलं न्हाई. जाऊबाईनं मला पोहे दिले, वरून खोबरं घातलं. मी खाल्ले आन सही केली. तुला वाटंल, मी मुदतीचं मनात धरून काही डाव टाकणार होते. खरंच न्हाई. मी दमले होते. घरात जिकडं बघावं तिकडं माणसं माझी वाट बघत होती. कावेरीसुदीक म्हणली, आई, दे ना, संपू दे एकदाचं. तिचा सराव पेपर होता.

कचेरीत बाकावर दोन तास बसलो. भावजी दर थोड्या वेळानं उठून घड्याळाकडं बघत होते. मग आमचं नाव पुकारलं. साहेब वयस्कर होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, कागद नाकाला लावून वाचत होते. त्यांनी विचारलं, लिहून देणार कोण? वकील म्हणले, ह्या शिवकांताबाई. साहेब म्हणले, सही यांचीच का? वकील म्हणले, हो. वाचून दाखवलं का? वकील म्हणले, हो. राजीखुशीनं देतात का? वकील म्हणले, हो साहेब, राजीखुशीनं.

साहेबांनी कागद खाली ठेवला. म्हणले, मी बाईंना विचारतोय, तुमी थांबा.

मग सगळे माझ्याकडं वळले. भावजी, वकील, दोन साक्षीदार, दारातला शिपाई. किती दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं, ते तवा ध्यानात आलं. सगळे माझं उत्तर घेऊनच येत होते.

मी म्हणलं, सही माझीच हाय.

साहेब म्हणले, आन राजीखुशी?

मी म्हणलं, न्हाई.

वकील म्हणले, बाई घाबरल्यात साहेब, बायामाणसं. मी म्हणलं, माझं मी सांगते. मला हे द्यायचं न्हाई. मी दमून सही केलीय.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. कागद सरकवला. म्हणले, आज मी हे घेत न्हाई. घरी जाऊन आपसात बोला.

आमी पायीच निघालो. ते दहा पावलं पुढं, मी मागं. हमरस्त्यावर ट्रक चाललेले. मधी एकदा ते थांबले, मला वाटलं आता बोलतील. ते ट्रक जायची वाट बघत होते. मला रस्ता ओलांडता येईल असं बघून ते पुढं गेले. दोघांना एकाच घरी जायचं होतं.

एजन्सी गेली. समोरच्या लाइनीत परवा हार-नारळ झाला. इथून बोर्ड दिसतो. भावजींची पोरं माझ्याकडं बघत न्हाईत. त्यांचं नुकसान झालं हे खोटं न्हाई आन ते माझ्यामुळं झालं हेबी खोटं न्हाई. आन मला काय मिळालं म्हणशील तर काही न्हाई. दोन खोल्या न्हाई, एक न्हाई, कागद न्हाई. चूल वेगळी केलीय. जिन्यातून दुकानात जायचं दार भावजींनी बंद केलं, आता मी बाहेरून, रस्त्यावरून दुकानात येते. कावेरी वर अभ्यास करते आन माझ्यावर रुसलीय. अधूनमधून मलाच वाटतं, मागची खोली घेतली असती तर निदान घरात बोलणं राहिलं असतं. कोर्टात जायचं बळ तवा नव्हतं, आताबी न्हाई. त्यांनाबी न्हाई. असंच चालणार.

पण मी रोज नवाला दुकानात येते. गल्ल्याच्या एका अंगाला ते, एका अंगाला मी. मधी दोन हात जागा. किल्ली अजून त्यांच्याकडंच हाय. गिऱ्हाइकाला कळत न्हाई कुणाला विचारावं.

काल पाडळसिंगीकडची एक बाई आली. लेकीच्या रुखवताला तांब्या बघत होती. भाव विचारला. भावजी गप, मीबी गप. ती एकदा त्यांच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. मग मी भाव सांगितला. भावजी रस्त्याकडं बघत राहिले. बाई म्हणली, कमी करा की. मी भावजींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली न्हाई, हो म्हणून न्हाई, न्हाई म्हणून न्हाई. मी पाच रुपये सोडले. पैसे भावजींनी घेतले.

बंगलोरला जायच्या आधी एक दिवस सापडला तर ये. राग गेला म्हणून बोलवत न्हाई, तो अजून हाय. दुकानात माझ्या बाजूला स्टूल टाकते, त्यावर बस. भावजींशी बोलू नको, माझ्यासाठी काही मागू नको, समजावू नको कुणाला. नुसता बस. संध्याकाळच्या गाडीनं परत जा.

शिवकांता